प्रयोगशाळेतला लाल फॉस्फर ट्यूबलाइटमध्ये चालेल का?

एका संशोधक विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: युरिया वापरून ज्वलन पद्धतीने युरोपियम घातलेलं इट्रियम ऑक्साइड बनवलं. हा एक फॉस्फर, म्हणजे अतिनील किरण शोषून दृश्य उजेड देणारी पावडर. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ते लालभडक उजळतं. थोडं लिथियम मिसळल्यावर उजेड तिप्पट झाला. हा सुधारलेला फॉस्फर ट्यूबलाइटच्या कारखान्यांना उपयोगी पडेल का, आणि तो आणखी सुधारायचा तर काय करावं?

माझी बरीच वर्षं ट्यूबलाइटच्या कोटिंग विभागात गेली आणि पुढची फॉस्फर भाजणाऱ्या भट्ट्यांवर. त्या कामातून जे कळलं ते सांगतो. उत्तराचा काही भाग परिस्थितीवर ठरतो: तुमच्याकडे किती तापमानाची भट्टी आहे, पावडर जाड नळीत जाणार की बारीक नळीत, कारखान्यातली स्लरी (नळीला आतून लावायचा पावडरीचा पातळ लेप) पाण्यातली आहे की सेंद्रिय द्रावकातली. पण प्रश्नाचा गाभा यापैकी कशावरच अवलंबून नाही. तुम्ही विचारताय उजेड कसा वाढवायचा. कारखान्याला मात्र पावडरीत असलेला उजेड नळी तयार होईपर्यंत शिल्लक राहायला हवा असतो आणि नंतर हजारो तास टिकायला हवा असतो. या दोन गोष्टींमध्ये फार अंतर आहे, आणि आपल्याकडचं बरंचसं चांगलं संशोधन त्या अंतरातच अडकून पडतं याची मला खंत वाटते.

आधी ‘तिप्पट’ या शब्दाकडे पाहू. बाजारात मिळणारा हाच लाल फॉस्फर २५४ नॅनोमीटरचे शंभर फोटॉन (प्रकाशकण) शोषून नव्वदहून जास्त दृश्य फोटॉन बाहेर टाकतो. म्हणजे तिथे वाढायला जागाच दहा टक्क्यांहून कमी आहे. तुमचा उजेड तिप्पट झाला याचा अर्थ लिथियम न घातलेली मूळ पावडर क्षमतेच्या एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली होती. हा काही दोष नाही. ज्वलन पद्धतीचा तो स्वभावच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. सी. पाटील यांच्या गटाने १९८०च्या दशकात ही पद्धत ऑक्साइडसाठी रूढ केली. नायट्रेट आणि युरिया यांचं मिश्रण पाचशे अंशांच्या भट्टीत ठेवलं की काही मिनिटांत भडका उडून फेसासारखा हलका पदार्थ तयार होतो. साध्या भट्टीत, कमी खर्चात होणारं हे काम महाविद्यालयांसाठी वरदानच ठरलं. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागासारख्या ठिकाणी फॉस्फरच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली, तिच्यातही या पद्धतीचा वाटा आहे. पण भडक्याचं तापमान उंच असलं तरी ते क्षणभरच टिकतं. स्फटिक नीट बांधले जात नाहीत, कण अतिसूक्ष्म आणि सच्छिद्र राहतात, पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट चिकटून बसतात. युरोपियमच्या अणूने घेतलेली ऊर्जा तिथेच उष्णता होऊन वाया जाते.

लिथियमने तुमच्याकडे बहुधा भाजणीतल्या फ्लक्सचं, म्हणजे कणांची वाढ सोपी करणाऱ्या मदतनीस पदार्थाचं, काम केलं आहे. त्यामुळे कण वाढले, स्फटिक सुधारले, पृष्ठभागाचं प्रमाण घटलं. हे तपासायला सोपा प्रयोग आहे. लिथियम न घातलेली पावडर १३०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास भाजा आणि पुन्हा मोजा. फरक बराचसा मिटला तर श्रेय लिथियमच्या अणूला नसून भाजणीला आहे. कारखान्यात इट्रियम आणि युरोपियम ऑक्झलेटच्या रूपात एकत्र अवक्षेपित करतात, त्याचं ऑक्साइड करतात आणि मग १३०० ते १४०० अंशांना भाजतात. एकत्र अवक्षेपणामुळे युरोपियम सगळीकडे सारखं पसरतं, आणि लांब भाजणीमुळे तीन ते पाच मायक्रॉनचे गोटीबंद, स्वच्छ कण मिळतात.

मोजमापाबद्दल एक सांगणं आहे. प्रबंधांमध्ये ‘तीव्रता, स्वैर एकक’ असा अक्ष असतो आणि दोन आलेखांची उंची थेट ताडून पाहिली जाते. पावडर किती दाबून भरली, मापनयंत्राची फट किती उघडी होती, कण किती विखुरतात, यावर ती उंची सहज बदलते. बाजारातली प्रमाण पावडर शेजारी ठेवा. दोन्ही खोल खाचेत भरा, काचेने पृष्ठभाग सपाट करा, एकाच बैठकीत मोजा. शिवाय २५४ नॅनोमीटरला पावडर किती प्रकाश परत फेकते तेही मोजा. या फॉस्फरचा शोषणपट्टा २४० ते २५० नॅनोमीटरच्या आसपास शिखरावर असतो आणि २५४ त्याच्या उतारावर येतं. युरोपियम कमी केलं किंवा कण फार बारीक झाले तर अतिनील प्रकाश शोषला न जाता परत फिरतो. पावडरीची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या फोटॉनपैकी किती उजेड होऊन बाहेर येतात) उत्तम असूनही नळी मंद का, या कोड्याचं उत्तर मला अनेकदा या एका आकड्यात मिळालं आहे.

आता नळीच्या आत काय चालतं ते पाहू, कारण सुधारणा कशाला म्हणायचं ते तिथे ठरतं. कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की दिलेल्या शक्तीपैकी सुमारे ६० ते ६५ टक्के भाग अतिनील किरणांत जातो, मुख्यतः २५४ नॅनोमीटरला आणि थोडा १८५ नॅनोमीटरला. २५४चा एक फोटॉन ४.८८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. त्यातून ६११ नॅनोमीटरचा लाल फोटॉन निघाला तर त्याची ऊर्जा २.०३. म्हणजे प्रत्येक फोटॉन बिनचूक रूपांतरित झाला तरी ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णतेतच जातो. एका फोटॉनचे दोन करता आले तर ही मर्यादा ओलांडता येईल, या कल्पनेवर खूप काम झालं. १९७४ मध्ये प्रासिओडिमियम घातलेल्या इट्रियम फ्लोराइडमध्ये तसं घडताना दिसलं. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठाच्या गटाने लिथियम गॅडोलिनियम फ्लोराइडमध्ये युरोपियम घालून एकातून दोन लाल फोटॉन निघतात हे दाखवलं. पण ते सगळं २०० नॅनोमीटरच्या खालच्या, झेनॉनच्या दिव्यातल्या किरणांवर. पाऱ्याच्या २५४वर चालेल असा कामाचा फॉस्फर त्यातून आला नाही. त्यामुळे लाल पावडरीची मूळ चमक वाढवण्यात आयुष्य घालवू नका असंच मी सांगेन.

खरी हानी भट्टीतून पावडर बाहेर आल्यावर सुरू होते. पहिली पायरी दळणाची. भाजलेली पावडर ढेकळं धरते, म्हणून बॉल मिलमध्ये फिरवतात. जोर जास्त झाला की कण फुटतात, ताजे तुटके पृष्ठभाग उघडे पडतात आणि उजेड घसरतो. म्हणून फ्लक्स आणि भाजणी अशी जमवावी लागते की ढेकूळ हाताने चुरलं तरी सुटावं, पुढे मोकळ्या पाण्यात ढवळून चाळणीतून काढलं की काम व्हावं. फॉस्फर चांगला की वाईट याची माझी पहिली परीक्षा हीच असे: मूस उपडी केल्यावर वडी किती कडक निघते. तुमच्या लेखात ही गोष्ट नसेल, तरी तुमच्या वहीत ती असायला हवी.

दुसरी पायरी स्लरीची. पूर्वी ब्युटिल अॅसिटेटमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवून त्यात पावडर मिसळत. त्या वाफा आणि आगीचा धोका टाळण्यासाठी उद्योग पाण्याकडे वळला. बाइंडर (पावडर काचेला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) म्हणून पॉलिइथिलीन ऑक्साइड किंवा पॉलिमेथॅक्रिलेटचे अमोनियम क्षार आले. इट्रियम ऑक्साइड आम्ल पाण्यात विरघळतं, म्हणून स्लरी किंचित अल्कधर्मी ठेवावी लागते. तुमच्या ज्वलन पद्धतीच्या सूक्ष्म कणांचं पृष्ठफळ कैक पटींनी जास्त, म्हणून त्यांचं नुकसानही जास्त. ते पाणी भरपूर धरतात, स्लरी घट्ट होते आणि नळीत ओघळ उमटतात. कोटिंगवाले ती पावडर दुसऱ्या दिवशी परत पाठवतील, तिची चमक कितीही असो.

तिसरी पायरी बेकिंगची, आणि इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. कोटिंग वाळलं की नळी ५०० ते ६०० अंशांच्या भट्टीतून हवेत जाते, म्हणजे बाइंडर जळून जावा. लाल फॉस्फर यात फारसा बिघडत नाही. त्यातलं युरोपियम आधीच तीन संयुजेचं आहे आणि मूळ पदार्थ ऑक्साइडच आहे. निळ्याची गोष्ट वेगळी. तिरंगी नळीतला (निळा, हिरवा, लाल असे तीन फॉस्फर मिसळलेल्या नळीतला) निळा म्हणजे बेरियम मॅग्नेशियम अॅल्युमिनेट, त्यात युरोपियम दोन संयुजेचं. ते हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये फार उंच तापमानाला भाजून मिळवावं लागतं. या स्फटिकात अॅल्युमिनाचे दाट थर असतात आणि त्यांच्यामध्ये बेरियम आणि युरोपियम बसलेला मोकळा थर. त्या मोकळ्या थरातून ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ आत शिरते आणि युरोपियमची संयुजा दोनाची तीन होते. निळा उजेड तिथेच घटतो. नळी कारखान्यातून निघण्याआधीच तिचा रंग पिवळट-हिरवटाकडे सरकलेला असतो. पुढे पेटल्यावर १८५ नॅनोमीटरचे किरण उरलेल्या युरोपियमलाही त्रास देतात. ज्यांना या क्षेत्रात काही भरीव करायचं आहे त्यांनी या निळ्यावर काम करावं असं मी नेहमी सुचवत आलो: संयुगातलं प्रमाण नेमकं राखणं, कण चपटे न वाढू देता जाडसर वाढवणं, कणांवर अॅल्युमिनासारख्या ऑक्साइडचा अतिपातळ थर चढवणं. यातल्या प्रत्येक उपायाची किंमत सुरुवातीच्या चमकेत थोडी मोजावी लागते आणि फायदा पुढच्या हजारो तासांत मिळतो.

चौथा शत्रू पारा. पाऱ्याचे अणू कणांच्या पृष्ठभागात रुततात आणि काळसर थर धरतो. काचेतलं सोडियमही बाहेर येऊन पाऱ्याला बांधतं. यावर सर्वांत परिणामकारक सुधारणा फॉस्फरच्या रसायनात झालीच नाही. काच आणि फॉस्फर यांच्यामध्ये बारीक अॅल्युमिनाचा थर दिला गेला. तो थर पारा काचेत जाऊ देत नाही आणि फॉस्फरमधून निसटलेले अतिनील किरण परत आत फेकतो, म्हणून फॉस्फर थोडा कमी लावला तरी भागतं. जुन्या नळीत पारा सढळ हाताने घालत असत. तो पुढे पाच मिलिग्रॅमच्या आत आणता आला, त्यात या थराचा मोठा वाटा आहे.

इथवरचा धागा एवढाच: लाल पावडरीची स्वतःची चमक छताला टेकलेली आहे. दळण, पाणी, बेकिंग, १८५चे किरण आणि पारा या पाच ठिकाणी ती किती उरते हे मोजायचं आहे.

हे म्हणणं नवं नाही, या पदार्थांचा सगळा इतिहास तसाच आहे. सुरुवातीच्या नळ्यांत मॅग्नेशियम टंगस्टेट आणि झिंक बेरिलियम सिलिकेट असे. उजेड चांगला, पण बेरिलियमची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत गेली आणि माणसं आजारी पडली, मृत्यूही झाले. १९४०च्या दशकाअखेर ते बंद करावं लागलं. त्याची जागा घेतली कॅल्शियम हॅलोफॉस्फेटने. १९४२ मध्ये इंग्लंडमध्ये मॅककीग आणि रॅन्बी यांनी ते शोधलं. एकाच पावडरीत अँटिमनी निळसर उजेड देतं आणि मँगनीज नारिंगी. मँगनीजचं प्रमाण बदललं की पांढऱ्याची छटा बदलते. स्वस्त आणि बिनविषारी असल्यामुळे त्याने पुढची तीस-चाळीस वर्षं जगभरच्या शाळा आणि कचेऱ्या उजळल्या. आपल्या घरांतली जुनी पांढरीफटक ट्यूब ती हीच. पण तिच्या उजेडात लाल भाग तोकडा पडायचा, त्यामुळे माणसाचा चेहरा आणि भाजीचा रंग फिका दिसायचा. रंग सुधारायला जावं तर उजेड कमी व्हायचा.

ही कोंडी १९७०च्या दशकात फुटली. निळा, हिरवा आणि लाल अशा तीन अरुंद पट्ट्यांतच उजेड दिला तर रंग आणि उजेड दोन्ही साधतात, असा हिशेब आधी मांडला गेला आणि १९७४च्या सुमारास हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत त्याला लागणारे अॅल्युमिनेट तयार झाले. ३६ वॉटच्या नळीत हॅलोफॉस्फेट साधारण अडीच हजार ल्युमेन देत होतं, तिरंगी फॉस्फर सव्वातीन हजारांच्या पुढे गेला. माझ्या दृष्टीने मात्र त्याहून मोठी गोष्ट टिकाऊपणाची होती. नळी बारीक केली की काचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारे अतिनील किरण वाढतात. हॅलोफॉस्फेट तो मारा फार काळ सोसत नाही. दुर्मिळ मृदांचे (इट्रियम, युरोपियम, टर्बियम अशा धातूंचे) फॉस्फर सोसतात. म्हणूनच १६ मिलिमीटरची टी-५ नळी आणि सीएफएल शक्य झाले.

हिरव्याबद्दल थोडक्यात. लँथेनम फॉस्फेटमध्ये सीरियम किरण शोषतं आणि ऊर्जा टर्बियमला देतं. टर्बियम ५४३ नॅनोमीटरच्या आसपास उजळतं. पावडर मजबूत आहे, अडचण टर्बियमच्या किमतीची. २०१०-११ मध्ये चीनने दुर्मिळ मृदांची निर्यात आवळली तेव्हा युरोपियम आणि टर्बियम यांचे भाव आकाशाला भिडले आणि सगळा उद्योग हादरला. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सीरियम, लँथेनम, निओडिमियम भरपूर आहेत, पण इट्रियम, युरोपियम आणि टर्बियम फारच थोडे. त्या काळात सर्वाधिक कामी आलेली सुधारणा कोटिंगची होती: काचेकडे स्वस्त हॅलोफॉस्फेटचा थर आणि आत, विद्युतप्रवाहाच्या बाजूला, तिरंगी फॉस्फरचा पातळ थर. बहुतेक अतिनील किरण आतल्या थरातच शोषले जातात, निसटलेले मागच्या थराला मिळतात. कणांच्या आकाराचा प्रश्नही इथेच येतो. तीन-चार मायक्रॉनच्या कणांचा थर दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन मिलिग्रॅम पुरतो. कण मोठे असतील तर तेवढंच झाकायला पावडर जास्त लागते. कण फार बारीक असतील तर ते अतिनील किरण परत फेकतात आणि दृश्य उजेडही आतच अडवतात. नॅनो आकाराच्या पावडरीला लावलेलं ‘नळीसाठी उपयुक्त’ हे विशेषण म्हणून मला पटत नाही.

आता तुमच्या प्रयोगशाळेत जमेल असं सांगतो. नळी बनवायची सोय नसली तरी तीन कसोट्या घेता येतात. पहिली: पावडर पाणी आणि बाइंडरमध्ये दिवसभर ढवळा, काचपट्टीवर पसरून वाळवा, हवेत ५५० अंशांना पंधरा मिनिटं भाजा आणि आधीच्या उजेडाशी तुलना करा. दुसरी: ओझोन निर्माण करणारा, शुद्ध क्वार्ट्झ काचेचा पाऱ्याचा दिवा मिळवा. साध्या जंतुनाशक दिव्याची काच १८५ नॅनोमीटर अडवते, म्हणून तो चालणार नाही. नायट्रोजनच्या वातावरणात काही तास पावडर त्याच्यासमोर ठेवा, कारण हवेतला ऑक्सिजन हे किरण गिळतो. डोळे आणि कातडी झाका, खोलीत ओझोन साचू देऊ नका, यात हयगय नको. तिसरी: कणांच्या आकाराची वितरणरेषा काढा, दळण्याआधीची आणि नंतरची. तिन्ही ठिकाणी प्रमाण पावडर सोबत हवीच.

आणि जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा: आता या कामाला बाजार आहे का? पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या बैठकीत घरगुती आणि कचेरीतल्या उजेडासाठीच्या नळ्यांचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं आहे. भारत या करारात आहे. म्हणजे साध्या ट्यूबलाइटसाठी लाल फॉस्फर सुधारून तुम्हाला ग्राहक मिळणार नाही, आणि हे तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत प्रामाणिकपणे यायला हवं. पण याच ज्ञानाला दुसरीकडे जागा आहे. कोड आणि सोरायसिसवर त्वचारोगतज्ज्ञ ३११ नॅनोमीटरचे जे दिवे वापरतात, त्यांत गॅडोलिनियमचा फॉस्फर असतो आणि टिकाऊपणाचे प्रश्न जवळपास हेच असतात. पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी पारा नसलेले झेनॉनचे दिवे येत आहेत, त्यांना अतिनील किरण देणारे फॉस्फर लागतात. तिसरी वाट जुन्या नळ्यांतून दुर्मिळ मृदा परत काढण्याची. तुमचा लाल फॉस्फर सौम्य आम्लात सहज विरघळतो, म्हणून इट्रियम आणि युरोपियम मिळवणं तुलनेने सोपं आहे. टर्बियम धरून बसलेलं लँथेनम फॉस्फेट मात्र आम्लाला दाद देत नाही, त्याला आधी अल्कलीबरोबर भाजावं लागतं. टर्बियमला आज चुंबकांसाठी मागणी आहे आणि ज्वलन पद्धतीसाठी जमवलेली तुमची भट्टी या भाजणीला पुरेल. मला निवडायचं असतं तर मी हे काम घेतलं असतं.

लिथियमबद्दल नेमकं सांगायला मला आणखी माहिती लागेल. भाजणीआधीचे आणि नंतरचे आलेख, २५४ला होणारं परावर्तन, कणांचा मध्यम आकार आणि प्रमाण पावडरीशी तुलना एवढं लिहून पाठवा. मग त्याचं प्रमाण किती ठेवायचं, की ते काढूनच टाकायचं, यावर बोलू.